बजेट गेमिंग पीसीचा प्रोसेसर: निवडीपासून स्टेबल होईपर्यंतच्या नोंदी

४ जानेवारी

भाच्याचा पीसी नवा करायचाय. आत्ता त्याच्याकडे इंटेलचा आय५-७४०० आहे, ४ कोअर ४ थ्रेड (म्हणजे एकावेळी चार कामं), २०१७ चा, सोबत १६ जीबी डीडीआर४ रॅम २४०० स्पीडची. मॉनिटर १०८० पी १४४ हर्ट्झचा. ग्राफिक्स कार्ड आधीच घेऊन ठेवलंय, आरएक्स ६६००, ८ जीबीचं. म्हणजे आता ठरवायचंय ते प्रोसेसर आणि मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), जमलं तर रॅम तीच ठेवायची.

पैशाचे आकडे इथे टाकत नाहीये, भाव सतत हलतात आणि जागेप्रमाणे बदलतात, त्यामुळे हिशोब टक्क्यांत. कार्डाला बजेटचे साधारण ४० टक्के गेलेत, प्रोसेसर २० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. उलटं करणारे बरेच दिसतात, म्हणजे प्रोसेसर तगडा आणि कार्डाला उरलेली चिल्लर, आणि मग गेम लो सेटिंगवर चालवत बसतात.

६ जानेवारी

नवीन काही घ्यायच्या आधी आरएक्स ६६०० जुन्याच मशीनमध्ये बसवलं. कार्डाला एकच ८ पिनचं कनेक्टर लागतं, पॉवर सप्लायमध्ये ते होतं म्हणून जमलं. हे करण्यामागे कारण असं की प्रोसेसर नक्की किती कमी पडतोय ते मोजल्याशिवाय किती मोठा घ्यायचा हे ठरतच नाही, नुसता अंदाज होतो.

आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर लावली, स्क्रीनवर जीपीयू (कार्डाची चिप) वापर, प्रत्येक थ्रेडचा वापर, फ्रेमटाइमचा (एक फ्रेम बनायला लागलेल्या वेळेचा) ग्राफ आणि १ टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम) एवढं घेतलं. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या चौकात गाडी फिरवली. सरासरी एफपीएस बघून वाटतं की छान चाललंय, पण ग्राफ बघितला तर करवतीसारखा, दर थोड्या वेळाने उंच काटा आणि त्याच क्षणी चित्र अडखळतं. चारही थ्रेड ९८-१०० वर, जीपीयू मात्र ६०-६५ टक्क्यांवर निवांत बसलेला.

मग रिझोल्युशन १०८० पी वरून ७२० पी वर आणलं. एफपीएस जवळजवळ तेवढाच. कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलं तरी फरक नाही याचा अर्थ अडलंय ते प्रोसेसरपाशी. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांत होते, प्रोसेसर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी ही करावी. उलट निघालं, म्हणजे रिझोल्युशन कमी केल्यावर एफपीएस टुणकन वर गेला, तर तुमचा प्रोसेसर ठीक आहे, पैसे कार्डात घाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, प्रोसेसरचा एकूण वापर बघून काही कळत नाही. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकूण ३५ टक्के दिसत असतं आणि तरी गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरला पूर्ण दाबून बसलेला असतो. विचारायचं असेल तर जीपीयूला विचारा, तो ९५ च्या खाली असेल आणि एफपीएसवर लिमिट लावलेलं नसेल तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय.

७ जानेवारी

भाच्याला विचारलं की तुला नक्की किती एफपीएस पाहिजेत. "मामा, जास्तीत जास्त" हे उत्तर चालत नाही हे त्याला समजावलं. ६० एफपीएससाठी प्रोसेसरला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात तयार करून द्यावी लागते, १४४ साठी ६.९ मिलिसेकंदात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असता तर आय३ मध्ये काम भागलं असतं आणि मी इथेच नोंदी बंद केल्या असत्या. तो काउंटर-स्ट्राइक २ खेळतो रोज, तिथे १४४ पाहिजेत, आणि मोठ्या गोष्टीवाल्या गेममध्ये ७०-८० न अडखळता चालले तरी पुरे म्हणाला. हे ठरल्यावर यादी छोटी झाली.

९ जानेवारी

त्याचा मेसेज आला, "मामा १२ कोअर २४ थ्रेडचा झीऑन मिळतोय बोर्ड रॅम सकट, ५६०० पेक्षा स्वस्त!!" ५६०० म्हणजे यादीतला एएमडीचा रायझन ५ ५६००, आणि हा झीऑन म्हणजे इंटेलचा जुना सर्व्हरचा प्रोसेसर, ई५-२६७० व्ही३. कागदावर बघितलं तर भारीच, पण टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ३.१ गीगाहर्ट्झपर्यंतच जातो आणि कोअर हॅसवेल या जुन्या पिढीच्या काळातले. एकेका कोअरच्या दमात तो त्याच्या आत्ताच्या ७४०० च्याही मागे पडेल. व्हिडिओ रेंडर करायला, एकावेळी दहा व्हर्च्युअल मशीन चालवायला ठीक आहे. गेमला ६ चांगले कोअर १२ म्हाताऱ्या कोअरपेक्षा कितीतरी बरे. नाही म्हणून कळवलं, रुसला.

१० जानेवारी

आज एएमडीची एएम४ बाजू (एएम४ म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ते सॉकेट). सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रायझन ५ ४५००, रायझन ५ ५५००, रायझन ५ ५६००. तिन्ही २०२२ च्या एप्रिलमध्ये आले, तिन्ही ६ कोअर १२ थ्रेड, तिन्ही ६५ वॉट, तिन्हींच्या खोक्यात तोच छोटा रेथ स्टेल्थ कूलर. नावं वाचून वाटतं की पायऱ्या आहेत, एकेक पायरी चढलं की थोडा थोडा वेग वाढतो. तसं अजिबात नाहीये, आत तीन वेगळ्या जातीच्या चिप आहेत.

५६०० हा झेन ३ पिढीचा, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी, पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ४.०. ५५०० पण झेन ३ च, पण तो खरं म्हणजे ५६००जी ची चिप आहे ग्राफिक्स बंद करून, त्यामुळे एल३ निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई ३.०. आणि ४५०० तर झेन २, तोसुद्धा ग्राफिक्सवाल्या चिपचा ग्राफिक्स बंद केलेला भाऊ, एल३ फक्त ८ एमबी आणि ती पण ४-४ अशी दोन तुकड्यांत. २०१९ च्या जुन्या रायझन ५ ३६०० मध्ये ३२ एमबी होती! म्हणजे सेकंड हँड ३६०० मिळत असेल तर नव्या कोऱ्या ४५०० पेक्षा तो घ्यावा, नाव कितीही मागचं वाटलं तरी.

गेममध्ये एल३ एवढी का लागते हे थोडक्यात, गेम सारखा इकडून तिकडून छोटा छोटा डेटा उचलत असतो, तो कॅशमध्ये सापडला नाही की रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ कोअर हात बांधून बसतो. गीगाहर्ट्झ बघितले तर ५५०० चा बूस्ट ४.२ आणि ५६०० चा ४.४, हा फरक काहीच नाही, खरा फरक कॅशचा.

पीसीआयईचा मुद्दा कार्डावर अवलंबून. आरएक्स ६६०० ला ८ लेन आहेत, ३.०वर टाकलं तरी नुकसान थोडंच होतं. पण कुणी आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं असेल तर त्याला फक्त ४ लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी, ते ५५०० सोबत लावलं की मेमरी भरल्यावर कार्डाची बोंब होते. स्वस्त कार्ड आणि स्वस्त प्रोसेसर एकत्र घेणारे नेमके हीच जोडी जमवतात म्हणून सांगतोय.

आणि बोर्ड. पीसीआयई ४.० साठी प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही तसे लागतात. बी५५० वर मिळतं, ए५२० आणि बी४५० वर ३.० च.

५६००एक्स बघितला, बूस्ट ४.६. त्या ०.२ साठी जास्त पैसे द्यायचे नाहीत. सेकंड हँडमध्ये त्याच भावात मिळाला तर घ्या.

५६००जी कुणासाठी? ज्याच्याकडे आज कार्डच नाहीये आणि सहा महिन्यांनी घ्यायचंय त्याच्यासाठी. कार्ड हातात असताना तो घेण्यात अर्थ नाही, कॅश निम्मीच आहे.

१२ जानेवारी

इंटेल बाजू. आय३-१२१००एफ आणि आय५-१२४००एफ, दोन्ही २०२२ च्या सुरुवातीचे.

१२१००एफ म्हणजे ४ कोअर ८ थ्रेड, १२ एमबी एल३. ६० हर्ट्झवाल्याने डोळे मिटून घ्यावा इतका चांगला आहे, एकेक कोअर जोरदार. आपल्याला नको कारण भाचा गेमच्या मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, रेकॉर्डिंग सगळं उघडं ठेवतो आणि नवीन गेम ८ थ्रेड सहज भरतात, सरासरी छान येते पण १ टक्का लो आधी पडतो. जुन्या मशीनमध्ये जे भोगतोय तेच थोड्या वरच्या मजल्यावर.

१२४००एफ मध्ये ६ कोअर १२ थ्रेड, १८ एमबी, ई-कोअरची (कमी ताकदीच्या छोट्या कोअरची) भानगड नाही. गेममध्ये ५६०० च्या अगदी बरोबरीने. या दोघांत कोण भारी यावर लोक तासन्‌तास भांडतात, वेळ वाया. जो बोर्डासकट स्वस्त पडेल तो घ्यायचा. बोर्ड घेताना एवढं बघा की एच६१० चे एकदम स्वस्त बोर्ड ज्यात पॉवरच्या भागावर हीटसिंकच नसतो ते टाळलेले बरे, कारण १२४००एफ ६५ वॉटचा म्हणून लिहिलेला असला तरी टर्बोत ११७ वॉटपर्यंत मागू शकतो. आणि इंटेलचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन जातीत येतात, खोक्यावर नीट वाचा, खाच वेगळी असते, जुनी रॅम त्यात बसणारच नाही.

"एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. एचडीएमआय केबल बोर्डाला लावून "डिस्प्ले येत नाही" म्हणणारे रोज एक भेटतात. केबल कार्डाला लावायची.

१३ जानेवारी

एएम५ (एएमडीचं पुढचं सॉकेट) पण तपासलं म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. रायझन ५ ७५००एफ सगळ्यात योग्य, झेन ४, ३२ एमबी, बूस्ट ५.० पर्यंत. या सगळ्यांपेक्षा वेगवान, त्यात वाद नाही. पण एएम५ वर डीडीआर५ च चालते, म्हणजे रॅम नवी, बोर्ड महाग, आणि हिशोब केला तर प्रोसेसर बोर्ड रॅम मिळून एएम४ च्या जवळपास पावणेदोन पट. तेवढ्या वेगाला आरएक्स ६६०० पुरणार नाही, कार्ड अडेल. ज्याला दोन वर्षांनी मोठं कार्ड घालायचंय त्याने तिथे जावं. ८४००एफ स्वस्त दिसतो पण तिथे पुन्हा तीच गोष्ट, लॅपटॉपच्या जातीची चिप, एल३ १६ एमबी आणि कार्डासाठी ८ लेन. नंबर ७५०० पेक्षा मोठा, गेममध्ये मागे.

ठरलं: रायझन ५ ५६०० नवीन, बी५५० बोर्ड सेकंड हँड, रॅम जुनीच. १२४००एफ ची जोडी फक्त बोर्डामुळे मागे पडली.

१८ जानेवारी

सामान आलं, जोडणी.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे बोटं लावायची नाहीत, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर, लिव्हर वर, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबायचं नाही. दाबावं लागतंय म्हणजे दिशा चुकली.

कूलरने मात्र घाम काढला. बोर्डावर दोन प्लास्टिकच्या पट्ट्या येतात, त्या दुसऱ्या प्रकारच्या कूलरसाठी. रेथ स्टेल्थ चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो, म्हणजे आधी त्या पट्ट्या काढायच्या, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी पाटी सुटून खाली पडते कारण तिला धरणारं दुसरं काही नसतंच. बोर्ड केसमध्ये बसवून मग कूलर लावायला घेतला तर एक हात मागे पाटी धरायला, एक हात कूलरला, आणि स्क्रू फिरवायला तिसरा हात कुठून आणणार. सोपा उपाय म्हणजे बोर्ड केसमध्ये घालायच्या आधीच हे करायचं, बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर तो ठेवायचा, मागच्या पाटीखाली दुमडलेला पुठ्ठा सरकवायचा म्हणजे ती वर दाबलेली राहते. स्क्रू तिरके तिरके, एक इकडचा एक समोरचा, दोन-दोन आटे फिरवत न्यायचे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर समोरचा स्क्रू आट्यापर्यंत पोचतच नाही. पेस्ट कूलरखाली लावूनच येते, वेगळी लागत नाही.

पुढे कधी हा कूलर काढायचा असेल तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करा आणि ओढण्याआधी हलकं डावी-उजवीकडे फिरवा. थंड पेस्ट चिकटलेली असताना सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानासुद्धा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात.

रात्री बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचा लाइट आला, स्क्रीन काळी. बोर्डावरच्या चार छोट्या दिव्यांपैकी सीपीयूचा दिवा लाल.

१९ जानेवारी

दिवा सीपीयूचा असला तरी प्रोसेसर खराब असण्याची शक्यता सगळ्यात कमी, तिथे लगेच धावू नका. बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये प्रत्येक प्रोसेसरसमोर कमीत कमी कुठलं बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) लागतं ते लिहिलेलं असतं. बी५५० बोर्ड २०२० च्या मध्यात आले, ५६०० आला २०२२ मध्ये, आणि हा बोर्ड विकणाऱ्याकडे रायझन ३००० वर चालत होता, बायोस कधी अपडेट केलेलंच नाही. विकताना तो "५६०० चालेल" म्हणाला होता, ते खरंच आहे म्हणा, बायोस टाकल्यावर.

नशीब बोर्डाला मागे फ्लॅश बटण आहे. हे बटण असलं की प्रोसेसर ओळखला गेला नसला तरी बायोस टाकता येतं. सेकंड हँड बोर्ड घेताना मी याच एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे दिले होते. बटण नसेल तर जुना रायझन उसना आणावा लागतो.

पहिला प्रयत्न फसला. बटण दाबलं, दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला, काहीच नाही. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा होता आणि एक्सफॅट फॉरमॅटमध्ये, बोर्डाला फॅट३२ च कळतं, आणि विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट डबा ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दाखवत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याच ड्राइव्हवर ४ जीबीचं पार्टिशन बनवलं आणि ते फॅट३२ केलं. फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसंच ठेवायचं, शेवटच्या एक्स्टेन्शनसकट, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं तेव्हा ते आधी दिसेल असं करून घ्या नाहीतर दोनदा लागतं. ड्राइव्ह खूण केलेल्या त्याच यूएसबी पोर्टमध्ये. २४ पिन आणि सीपीयूचं ८ पिन, दोन्ही केबल लावलेल्या हव्यात.

यावेळी दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. तेवढ्यात हात लावायचा नाही, लाइट गेली तर बोर्ड गेला (बटणवाला बोर्ड पुन्हा फ्लॅश होतो म्हणा, पण उगाच कशाला). मग विझला, मशीन चालू केलं, काही वेळ काळी स्क्रीन आणि मग बायोस दिसलं, रायझन ५ ५६०० नाव दिसलं. भाचा किंचाळला.

२० जानेवारी

जुनी एसएसडी लावली तर बूटच्या यादीत नाही. बायोसमध्ये दिसते, बूटला नाही.

कारण जुन्या मशीनवर विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं होतं आणि नव्या बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद आहे. सीएसएम चालू करून बूट झालं असतं, पण मग रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करता येत नाही, विंडोज ११ ला पण यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर सिक्युअर बूटशिवाय चालू होत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, ७४०० ला तर विंडोज ११ अधिकृतपणे मिळतच नव्हतं. म्हणून डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर नेणं भाग होतं. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, त्यात आधी व्हॅलिडेट करायचं आणि मग कन्व्हर्ट. इथे व्हॅलिडेटलाच अडलं, डिस्कवर आधीच चार प्रायमरी पार्टिशन होती आणि त्याला जास्तीत जास्त तीन चालतात. एक रिकामं पार्टिशन उडवून कन्व्हर्ट झालं असतं, पण आठ-नऊ वर्षांचा कचरा होताच त्यात, सरळ विंडोज ११ नव्याने टाकलं. डेटा आधी काढून घेतला. दुपार गेली.

चिपसेट ड्रायव्हर टाकायला विसरू नका.

२३ जानेवारी

मोजमाप, जुन्या २४०० रॅमवर. त्याच चौकात तीच गाडी. अडखळणं जवळजवळ गेलं, जीपीयू बहुतेक वेळ ९५ च्या वर. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी १४४ च्या बरीच वर पण धूर आणि गोळीबार एकत्र झाला की १ टक्का लो १४४ च्या खाली बराच पडतो आणि त्या क्षणी जीपीयू वापर पण पडतो. म्हणजे पुन्हा प्रोसेसरच, आणि यावेळी संशय रॅमवर, कारण रायझनचा आतला फॅब्रिक (चिपचे भाग जोडणारा रस्ता) रॅमच्या घड्याळावर, म्हणजे क्लॉक स्पीडवर, चालतो, २४०० ची रॅम म्हणजे फॅब्रिक १२०० वर.

२५ जानेवारी

जुनी रॅम हाताने ओढून बघितली. २६६६ झाली, २९३३ ला मशीन चालूच होईना, व्होल्टेज १.३५ दिलं तरी नाही. बोर्ड काही वेळा स्वतःच प्रयत्न करून परत २१३३ वर येतो, एकदा तेही झालं नाही आणि बायोसच्या सेटिंग पुसायला सीमॉसची बॅटरी काढून ठेवावी लागली. २६६६ वर तासाभराने गेम बंद पडला. सोडून दिलं. आपली जुनी २४०० ची रॅम पुढे जाईलच असं नसतं, यात वेळ घालवू नका, मी घालवलेला पुरे.

२९ जानेवारी

३२०० सीएल१६ ची ८-८ ची जोडी आणली, जुनी विकली, वरचा खर्च बजेटच्या तीनेक टक्के. स्लॉट प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, म्हणजे ड्युअल चॅनल. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेला वेग देणारी सेटिंग) चालू. एक्सएमपी चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २४०० वरच चालते आणि कुणी सांगायला येत नाही, टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघून खात्री करा.

काउंटर-स्ट्राइकमध्ये १ टक्का लो आता झपकन वर आला, १४४ च्या आसपास टेकतो. सरासरीत फरक त्यामानाने कमी. प्रोसेसर ५६०० घ्यायचा आणि रॅमवर वाचवायचं हे म्हणजे घोडा विकत घेऊन नालाचे पैसे वाचवण्यासारखं.

रिसायझेबल बार पण आज चालू केलं, अबव्ह ४जी डिकोडिंग त्याच्यासोबत. सायबरपंकमध्ये थोडा फायदा, काउंटर-स्ट्राइकमध्ये काहीच नाही.

३ फेब्रुवारी

तापमान. छोट्या कूलरवर भरपूर वेळ सगळे कोअर दाबले की ८० च्या पुढे जातं, गेममध्ये ७० च्या आसपास. ५६०० ची मर्यादा ९० आहे, म्हणजे धोका नाही, आवाज आहे. नवा कूलर घ्यायच्या आधी कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून व्होल्टेज कमी करायचं ठरवलं, फुकट आहे. सगळ्या कोअरना उणे ३०.

सिनेबेंच (सगळे कोअर दाबणारी चाचणी) अर्धा तास, पास. गेम दोन तास, पास. तापमान चांगलंच खाली.

५ फेब्रुवारी

भाच्याचा फोन, "मामा, पीसी आपोआप रीस्टार्ट झाला, मी काहीच करत नव्हतो, नुसता डेस्कटॉपवर होता."

अगदी बरोबर, तो काहीच करत नव्हता म्हणूनच झाला. सगळे कोअर दाबलेले असतात तेव्हा घड्याळ कमी असतं, व्होल्टेज कमी केलेलं पचतं. डेस्कटॉपवर एखादा कोअर क्षणभर ४.४ च्या टोकाला उडी मारतो, तिथे त्याला खरी गरज असते आणि नेमकं तेव्हा उणे ३० नडतं. त्यामुळे सिनेबेंच पास झालं म्हणजे स्टेबल, हे कर्व्ह ऑप्टिमायझरला लागू पडत नाही. यासाठी कोअरसायकलर वापरायचं, ते एकेका कोअरवर आळीपाळीने काम टाकतं आणि कुठला कोअर चुकला ते नाव घेऊन सांगतं.

रात्रभर चालवलं. दोन कोअर उणे ३० वर चुकले, आणि ते दोन्ही तेच जे रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगले म्हणून खूण केलेले असतात. स्वाभाविक आहे, सगळ्यात उंच उडी तेच मारतात. त्या दोघांना उणे १०, बाकीच्यांना उणे २०. पुन्हा रात्रभर.

७ फेब्रुवारी

नव्या आकड्यांवर कोअरसायकलर रात्रभर स्वच्छ. रीस्टार्ट नाही. ज्यांना ही कटकट नको त्यांनी सगळ्यांना उणे १० ठेवून विषय संपवावा, थोडा फायदा त्यातही होतो.

११ फेब्रुवारी

शेवटची तक्रार पंख्याची. ब्राउझर उघडला की पंखा घूंऽऽ करून वर जातो, दोन सेकंदांत खाली, परत वर. प्रोसेसर तापत नाहीये, रायझनचं तापमान एखाद्या कोअरच्या उडीने क्षणात १०-१५ अंश वर जातं आणि तसंच खाली येतं, आणि बोर्डाचा पंखा त्याच्या मागे पळतो. बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये स्टेप अपचा वेळ असतो (काही बोर्डावर स्मूदिंग म्हणतात), तो वाढवला, आणि ६५ अंशांपर्यंत पंखा एकाच वेगावर सपाट ठेवला, त्याच्या पुढे चढ. आता गेम चालू केल्यावरच ऐकू येतो.

कूलर सध्या तोच. बी५५० वर पुढे कधी ५७००एक्स३डी घालायचा झाला, ९६ एमबी एल३ वाला, तर मात्र हा चालायचा नाही, त्याच्या खोक्यात कूलर येतच नाही आणि स्टेल्थ त्याला पुरायचा नाही. तेव्हा बघू. जुन्या ७४०० चा बोर्ड आणि प्रोसेसर विकायला टाकलाय, सोबत रॅम नाही हे आधीच लिहून.